अॅम्बॅसिडर की फियाट? आधी काट्यावर चढवा

खानदेशात दोन जुन्या गाड्यांची तुलना बहुतेक वेळा आडनावावरून होते. ज्याच्या घरी अॅम्बॅसिडर होती तो तिच्या पुलिंगचे गोडवे गातो, ज्याच्या घरी फियाट होती तो पिकअपचे. दोघांनीही मोजलेलं काहीच नसतं. मी धुळ्यात आयटीआयला मोटार मेकॅनिकचा शिल्पनिदेशक होतो, त्यामुळे मोजल्याशिवाय बोलायचं नाही ही खोड अंगात मुरली आहे. निवृत्तीनंतरही लोक विचारायला येतात, "सर, दोन्हीस्मा कोनती चांगली शे?" मी उलट विचारतो, "कोणत्या दोन?"

हा प्रश्न लोकांना आगाऊपणाचा वाटतो, पण कामाची सुरुवात तिथूनच होते. अॅम्बॅसिडर नावाची एक गाडी नाही. हिंदुस्थान मोटर्सने बंगालमधल्या उत्तरपाड्याला १९५७ पासून २०१४ पर्यंत हे नाव चालवलं. अंगाने ती शेवटपर्यंत मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज तीनच राहिली, पण बॉनेटखाली मात्र बरंच काही येऊन गेलं. अगदी सुरुवातीला साइड वाल इंजिन (वाल म्हणजे व्हॉल्व्ह, इंजिनाच्या झडपा), मग वर वाल असलेलं १४८९ सीसी पेट्रोल, पुढे तितक्याच सीसीचं डिझेल, आणि नव्वदच्या दशकात इसुझूचं १८०० सीसी पाच गिअरसह. यातल्या डिझेलची ताकद ३७ हॉर्सपॉवर आणि इसुझूची त्याच्या जवळपास दुप्पट. "अॅम्बॅसिडर घाटात रडते" आणि "अॅम्बॅसिडर घाटात पळते" ही दोन्ही वाक्यं खरी असू शकतात, फक्त गाड्या वेगळ्या.

फियाटचंही तेच. कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये फियाटच्या परवान्यावर ११०० मालिकेतल्या गाड्या बनत होत्या. पुढचे दरवाजे उलटे उघडणारी ती डुक्कर फियाट आधीची. १९६४ नंतर चौकोनी अंगाची ११०० डिलाइट आली, तीच मग प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. आमच्याकडे जुनी माणसं सरसकट सगळ्यांनाच फियाट म्हणतात, मीही म्हणतो. इटलीत याच अंगाच्या ११०० डीमध्ये १२२१ सीसी इंजिन होतं, आपल्याकडे १०८९ वरच थांबले. त्यामुळे परदेशी पुस्तकातले ११०० डीचे आकडे आपल्या पद्मिनीला लावू नका. शेवटी शेवटी १३७ डी नावाचं डिझेलही आलं होतं.

तेव्हा पहिलं काम म्हणजे आरसी बुक उघडून सीसी, इंधन आणि इंजिन नंबर बघायचा, आणि तो नंबर इंजिनवर कोरलेल्या नंबराशी जुळवायचा. वडाप आणि टॅक्सीच्या काळात कितीतरी अॅम्बॅसिडरमध्ये मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवलं गेलं. नंबर जुळत नसेल तर तुलना बाजूला ठेवून आधी आरटीओचं काय ते बघा.

मी ज्या दोन गाड्यांवरून सांगतोय त्या शिंदखेडा तालुक्यातल्या एका जिनिंगवाल्यांच्या. वाटणीत सगळं झालं, या दोन गाड्या राहिल्या. थोरल्या अप्पांना १९६८ ची मार्क टू अॅम्बॅसिडर ठेवायची होती, धाकट्या भाऊला १९८६ ची पद्मिनी. पैसे एकाच गाडीचं काम नीट करण्याइतके. दोन्ही पेट्रोल, दोन्ही मूळ इंजिनाच्या, दोन्हींचे गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर. म्हणजे तुलना करता येण्याजोगी जोडी.

कागदावरचं गणित

ब्रोशरमधला हॉर्सपॉवरचा आकडा एकटा काही सांगत नाही. पद्मिनी ४० हॉर्सपॉवर, मिनिटाला ४८०० फेऱ्यांना. त्या काळची अॅम्बॅसिडर सुमारे ५०, ४२०० च्या आसपास. अप्पा लगेच म्हणाले, "बघा, दहाने जास्त." पण पद्मिनीचं वजन ८९५ किलो आणि अॅम्बॅसिडरचं ११२० च्या घरात. हॉर्सपॉवरला टनाने भागा. फियाटला टनामागे ४४.७ येतात, अॅम्बॅसिडरला ४४.६. दशांशाच्या एका घराचा फरक! ज्यावरून दोन पिढ्या भांडल्या तो फरक कागदावर नाहीच.

आता गाडी भरा. पाच माणसं आणि थोडं सामान मिळून ३५० किलो धरा. फियाट १२४५ किलोची झाली, टनामागे ३२ हॉर्सपॉवर. अॅम्बॅसिडर १४७० ची, टनामागे ३४. म्हणजे एकट्याने चालवताना दोघी बरोबरीच्या, आणि वऱ्हाड घेऊन निघालात की अॅम्बॅसिडर पुढे. हलक्या गाडीला तेच ओझं जास्त जड पडतं, त्यात जादू काही नाही. गाडीचा वापर कशासाठी आहे हे ठरवल्याशिवाय तुलनेला अर्थ नसतो तो यामुळे.

इथे एक खबरदारी घ्या. जुन्या आकड्यांत एसएई ग्रॉस आणि डीआयएन अशा दोन पद्धती असतात. ग्रॉस म्हणजे इंजिन बाकावर ठेवून, पंखा, डायनॅमो, सायलेन्सर न लावता मोजलेली ताकद. डीआयएन म्हणजे हे सगळं लावून. एकाच इंजिनात दोन्हींमध्ये दहा ते वीस टक्क्यांची तफावत सहज पडते. एका गाडीचा ग्रॉस आणि दुसरीचा डीआयएन आकडा शेजारी ठेवून भांडणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत. पद्धत लिहिलेली नसेल तर टनामागच्या एक-दोन हॉर्सपॉवरच्या फरकावर पैज लावू नका.

वजन मात्र ब्रोशरमधलं कशाला घ्यायचं? जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाड्या मोजायचा काटा होता. तुमच्याकडे नसेल तर बाजार समितीबाहेर कुठेही मिळेल. गाडीत कुणी बसू नये, टाकीत किती पेट्रोल आहे ते लिहून ठेवावं, आणि नुसती पुढची चाकं काट्यावर घेऊन एकदा, मग पूर्ण गाडी घेऊन एकदा, असं मोजावं. म्हणजे पुढचा-मागचा भार कळतो. ट्रकचा काटा दहा किलोच्या खाली फारसा बोलत नाही, पण आपल्याला तेवढं पुरतं. फियाट ९१० भरली. अॅम्बॅसिडर ११६०, कारण तिच्या टपावर कुणीतरी कधीकाळी लोखंडी अँगलचं कॅरिअर वेल्डिंग करून ठेवलं होतं आणि पुढे जाडजूड गार्ड. ते काढा म्हटलं तर अप्पा म्हणाले, "ते बाबांनी बसवलेलं आहे." राहू दिलं.

सीसीही तुम्हीच काढून बघा, त्यातून इंजिनाचा स्वभाव कळतो. अॅम्बॅसिडरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७३ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ८८.९. फियाटचा बोअर ६८, स्ट्रोक ७५. अॅम्बॅसिडरचा पिस्टन धावेच्या मानाने अरुंद नळीत लांब धावतो. ३००० फेऱ्यांवर तो सेकंदाला सरासरी ८.९ मीटर पळत असतो, फियाटचा ७.५. त्यामुळे अॅम्बॅसिडर कमी फेऱ्यांत निवांत ओढते आणि जास्त फिरवली की कुरकुरते, तर फियाट फिरवायला आनंदी पण खाली दम कमी. "पुलिंग" आणि "पिकअप" हे आडनावी भांडण मुळात या दोन आकड्यांतलं आहे.

ढकलून काढायचा गिअर

तिसरी गोष्ट फार कमी लोक बघतात: टॉप गिअरमध्ये इंजिनाच्या मिनिटाला हजार फेऱ्यांना गाडी किती वेगाने जाते. या दोन्ही चार गिअरच्या गाड्यांत टॉप थेट असतो, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट इंजिनाच्याच फेऱ्यांनी फिरतो. मग उरतं मागच्या हाउसिंगचं (डिफरन्शिअलचं) गुणोत्तर, म्हणजे चाकाच्या एका फेरीला इंजिनाच्या किती फेऱ्या, आणि टायरचा परीघ. हाउसिंग वर्षानुवर्षांत बदललेलं असू शकतं, म्हणून पुस्तक न उघडता मोजा.

चारही प्लग काढा, म्हणजे इंजिन दाबाशिवाय फिरेल. इग्निशन बंद. टॉप गिअर टाका. पुढच्या पुलीवर खडूची रेघ मारा, मागच्या टायरवर एक, आणि टायरच्या रेघेखाली फरशीवर एक. आता चार हमालांना सांगा, सरळ रेषेत हळूहळू ढकला, आणि चाकाच्या बरोबर दहा फेऱ्या झाल्या की थांबा. बॉनेट उघडं ठेवून एकजण पुलीच्या फेऱ्या मोजत शेजारून चालेल. त्याने मध्ये कुणाशी बोलायचं नाही, एवढीच अट. समजा पुली ४३ वेळा फिरली, गुणोत्तर ४.३. दहा फेऱ्यांत गाडी १९ मीटर पुढे गेली, परीघ १.९ मीटर. परीघाला ६० ने गुणा, गुणोत्तराने भागा: हजार फेऱ्यांना ताशी २६.५ किलोमीटर. म्हणजे ८० च्या वेगाला इंजिन साधारण ३००० फेऱ्या मारणार. एकाच ढकलण्यात गुणोत्तर आणि परीघ दोन्ही मिळाले. अॅम्बॅसिडरला ५.९०-१५ चे टायर आणि फियाटला ५.२०-१४ चे, पण आज बसवलेले रेडिअल त्याच मापाचे असतीलच असं नाही, म्हणून खडू.

ताकद शिल्लक किती

वरचं सगळं गणित गाडी शोरूममधून निघाली त्या दिवसाचं. पन्नास वर्षांनी त्यातले किती हॉर्सपॉवर उरलेत ते सिलिंडरमधला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज सांगतं. तुलनेतलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि नेमकं हेच सगळे टाळतात.

इंजिन आधी गरम करून घ्या. बॅटरी पूर्ण चार्ज हवी. चारही प्लग बाहेर, कॉइलची मधली वायर काढून अर्थ करा, अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायला एक माणूस बसवा. गेज एकेका भोकात बसवून स्टार्टर प्रत्येक वेळी सारख्याच फेऱ्या फिरवा. फियाटचे चारही आकडे शंभर पाउंडाच्या थोडे वर आले, एकमेकांत पाचाच्या आत. चारही सिलिंडर सारखेच झिजलेले, पण कुठे बिघाड नाही. अॅम्बॅसिडरचे पहिले तीन ११५ च्या आसपास, भाऊचा चेहरा पडला. चौथा ७५. आता अप्पांचा.

अशा वेळी लगेच "इंजिन उतरवा" म्हणू नका. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा, दोन-चार फेऱ्या फिरवा आणि परत मोजा. ऑइलमुळे पिस्टनच्या रिंगांभोवतीची फट तात्पुरती बुजते. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर गेला. नाही चढला तर वाल किंवा हेड गॅस्केट. इथे काटा ७५ वरच बसून राहिला. शेजारच्या सिलिंडरचा आकडा चांगला होता, पाण्यात तेल नव्हतं, म्हणजे गॅस्केटचा संशय कमी. हेड उतरवल्यावर दिसलं: चौथ्याचा एक्झॉस्ट वाल, सीटवर गंजाचे तांबूस ठिपके. गाडी वर्षानुवर्षं उभी, आणि उभी राहिली तेव्हा नेमका हा वाल उघडा. सायलेन्सरमधून ओल आत. वाल लॅप केले, म्हणजे सीटवर घासून नीट बसवले, टॅपेट सेट केले, चौथाही बाकीच्यांच्या रांगेत आला. चार सिलिंडरांत दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर रस्त्यावरची चाचणी घेऊच नका. तीन पायांवर उभ्या बैलाची शर्यत लावून बैलाच्या जातीबद्दल काय कळणार?

याच टप्प्यावर पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि पंपाचा डायफ्राम बदलून टाका. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुनं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं, आणि गळणारं पेट्रोल तापलेल्या मॅनिफोल्डवर पडतं. शिवाय इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा. मिश्रण पातळ होतं, म्हणून कार्ब्युरेटर थोडा गच्च, म्हणजे पेट्रोल जास्त सोडणारा, ठेवावा लागतो. दोन्ही गाड्यांत एकाच पंपावरचं, एकाच दिवशीचं पेट्रोल भरा. पॉइंट, प्लग, टायमिंग दोन्हींचं मॅन्युअलप्रमाणे करून घ्या. एक गाडी ट्यून केलेली आणि दुसरी न केलेली, असा सामना मालकांना फार आवडतो, पण त्यातून कळत काही नाही.

रस्त्यावर

रस्त्यावर काढण्याआधी नोंदणी, विमा आणि पीयूसी चालू आहे ना ते बघा. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, आणि आवारात उभ्या राहिलेल्या गाडीची ती संपलेलीच असते.

सपाटीसाठी आम्ही सोनगीर–दोंडाईचा रस्त्यावरचा चिमठाण्याकडचा सरळ तुकडा घेतला, उजाडल्या उजाडल्या, वाहतूक नसताना. वेळ महत्त्वाची. मे महिन्यात दुपारी आपल्याकडे पारा ४५ ला जातो. २५ अंशांच्या हवेपेक्षा ही हवा सहा टक्क्यांनी विरळ असते, आणि इंजिनाला तेवढी हवा कमीच मिळते. एक गाडी सकाळी सहाला आणि दुसरी दुपारी दोनला चालवली तर तुम्ही गाड्यांची नव्हे, उन्हाची तुलना केली.

शून्यापासून साठपर्यंतची शर्यत या वयाच्या क्लचला लावू नका, आणि दांडीवरच्या गिअरला चालवणाऱ्याच्या हाताचा फरकच जास्त पडतो. त्यापेक्षा टॉप गिअरमध्ये ४० वर स्थिर चालवा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा, ७० ला किती सेकंद लागतात ते शेजारच्याने मोजावं. वेग मोबाइलच्या जीपीएसवर बघा. जुन्या स्पीडोमीटरची सुई मालकाच्या बाजूनेच बोलते. प्रत्येक मोजणी जाताना एकदा आणि त्याच तुकड्यावर परत येताना एकदा, म्हणजे वारा आणि चढ दोन्ही कटतात. दोन्ही गाड्या एकाच माणसाने चालवाव्यात, आणि तो दोन्हींपैकी कुठल्याही भावाच्या बाजूचा नसावा.

निकाल कागदाशी जुळला. चालवणारा आणि मोजणारा एवढेच असताना दोन्ही गाड्यांत सेकंदाचाही फरक पडेना. पाचजण बसवले तर फियाट चारेक सेकंद मागे पडली.

चढासाठी लळिंगचा घाट पुरेसा आहे. कन्नडच्या औट्रम घाटात हे प्रयोग करू नका. तिथे मागे रांग लागते आणि दोष गाडीला नाही, तुम्हाला बसतो. लळिंगला बघायचं ते वेग नव्हे, कोणत्या गिअरवर चढ निघतो ते, आणि वर पोहोचल्यावर पाण्याच्या तापमानाचा काटा कुठे आहे ते. आमची अॅम्बॅसिडर भरलेली असताना वरचा गिअर जास्त वेळ धरून राहिली, फियाटला लवकर खाली यावं लागलं, पण खालच्या गिअरात ती खुशीत चढली. उतरताना ब्रेक. दोन्हींना चारही चाकांना ड्रम. पाव हिश्शाने जड गाडी थांबवायला तेवढीच जास्त ऊर्जा ड्रममध्ये जिरवावी लागते, म्हणून उतार दोन्ही गाड्या चढल्या त्याच गिअरात उतरवा. खाली आल्यावर चारही ड्रमजवळ हात नेऊन बघा, लावू नका. एखादाच जास्त तापला असेल तर तिथला ब्रेक धरून ठेवतोय, आणि तुमचे आधीचे सेकंदही त्यानेच खाल्लेत.

अॅव्हरेज टाकी ते टाकी काढा: तोंडापर्यंत भरा, शंभरेक किलोमीटर चालवा, त्याच पंपाच्या त्याच नळीवर परत तोंडापर्यंत भरा. माझ्या पाहण्यात नीट लावलेली फियाट बाहेरच्या रस्त्यावर लिटरला १२ ते १४ देते, अॅम्बॅसिडर ९ ते ११. सोफ्यासारख्या सीटवर सहाजण बसवून माणशी हिशेब मांडला की अप्पांना बरं वाटतं, तो हिशेबही चुकीचा नाही.

बाकीच्या गोष्टी चटकन. खराब रस्त्यावर अॅम्बॅसिडर सरस. पुढे टॉर्शन बार, मागे पाटे आणि चाकं मोठी, खड्ड्यात आपटत नाही. फियाटला पुढे कॉइल स्प्रिंग. वळणावर ती जास्त चपळ, स्टिअरिंग हलकं. फियाटची रुंदी १.४६ मीटर, अॅम्बॅसिडरची १.६६. वीस सेंटिमीटर म्हणजे काय हे ज्याने धुळ्यात गल्ली नंबर पाचमध्ये संध्याकाळी गाडी घातली आहे त्याला विचारा. सुट्या भागांत दोन्हींना अजून अडचण नाही, फक्त पत्र्याचं काम अॅम्बॅसिडरला जास्त, कारण पत्राच जास्त आहे.

या सगळ्यावर शेवटी कागदपत्रांनी मात केली. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते: व्हीए मालिकेचा नंबर, नोंदणीला २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरण पाच हजारांत. पण ती गाडी रोज रस्त्यावर किंवा धंद्यासाठी वापरता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. १९६८ ची अॅम्बॅसिडर यात बसते, १९८६ ची पद्मिनी नाही. भाऊला दोंडाईचा-धुळे येण्याजाण्याला गाडी हवी होती, लग्नसराईत नवरदेवासाठी भाड्याने द्यायचाही विचार होता. भाड्याला खासगी नोंदणीची गाडीही चालत नाही, हे त्याला तेव्हाच सांगितलं. अप्पांना गाडी फक्त ठेवायची होती. दुरुस्तीचे पैसे फियाटला गेले. अॅम्बॅसिडरचा वाल झालाच होता, तिला नवी बॅटरी घालून शेडमध्ये घेतली. अप्पांना एवढंच सांगून आलो की दर पंधरा दिवसांनी इंजिन चालू करून नीट तापेपर्यंत चालू ठेवा, आणि व्हीए नंबरचा अर्ज करायचा असेल तर ते कॅरिअर आधी कापा.